वाचणारीचं नाव

२ जुलै

प्रिय पहिला नंबर,

सुखरूप पोचले. 'प्रिय वहिनी' लिहिलं असतं तर तू खो खो हसली असतीस, आणि नावाने लिहिलं असतं तर आईने पत्र बघून मला तिथूनच ओरडा पाठवला असता. म्हणून कॉलेजातलीच हाक चालू ठेवते. तू माझ्या भावाशी लग्न केलंस म्हणून काही एम.ए.चा निकाल बदलत नाही. तू पहिली, मी दुसरी.

खोली बरी आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कुणीतरी वीट सरकवून ठेवलीय. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाईप दिसतात. पण खरं सांगू, मला इथे काही कळत नाही. पीएच.डी. म्हणजे खूप वाचायचं, एवढंच मला वाटत होतं.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "विषय काय?" मी पाठ केल्यासारखं म्हटलं, "आमच्या गावातल्या बायकांचं वाचन, सत्तर वर्षांपूर्वीचं." त्या म्हणाल्या, "हा विषय झाला. प्रश्न काय?" त्या वाट बघत राहिल्या आणि मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत राहिले. तू असतीस तर तिथल्या तिथे तीन प्रश्न काढून दिले असतेस.

मग अभिलेखागारात गेले. दारातच पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल चालते, जुन्या कागदावर शाईचा डाग नको म्हणून. मी कारकुनाला म्हटलं, "बायकांच्या वाचनाबद्दल जे काही असेल ते द्या." तो म्हणाला, "बाई, हे काय भाजीचं दुकान आहे? दप्तराचा नंबर सांगा." मागून कुणीतरी हसलं. माझ्याच वर्षाची मुलगी आहे. सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभी असते आणि सारखी काहीतरी वाहून नेत असते, म्हणून मी तिचं नाव मुंगी ठेवलंय. तिला सगळे नंबर पाठ. मॅडम तिच्याशी बोलताना हसतात. चार वर्षं तुझ्या मागे दुसरी आले. इथे तू नाहीस, निदान इथे तरी पहिली येईन असं वाटलं होतं, तर ही मुंगी बसलीय.

दादाला आणि आईला सांग, मी मजेत आहे.

तुझी,
दुसरा नंबर

९ जुलै

प्रिय दुसरा नंबर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी छोटीचे केस विंचरत होते. तिचे विंचरता विंचरता वाचलं, आणि पेन्सिलीपाशी आल्यावर तिचा केस ओढला गेला. ती किंचाळली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तुझ्या त्या कारकुनापाशी होतं. मला तो ओरडला असता तर मी दुसऱ्या दिवशी नंबर घेऊन गेले असते, आणि तिसऱ्या दिवशी त्याने मला खुर्ची दिली असती.

आता स्पष्टच लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. गोड गोड लिहायला घेतलं होतं, पण दोन कागद फाडले. तुझ्या दादाने दोन वर्षांपूर्वी दोन फॉर्म आणले होते, आठवतं? एक तुला, एक मला. छोटी तेव्हा तीन महिन्यांची होती. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून माझा फॉर्म पेटीत गेला आणि त्याच्यावर हिवाळ्याची पांघरुणं आली. त्या वर्षी तूही आजारपणामुळे थांबलीस, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. ही काही चांगल्या बाईची गोष्ट नाही. पण खरी आहे.

बरं, तुझा प्रश्न. आपल्या लायब्ररीत जुनी देवघेव रजिस्टरं आहेत, माडीवर, मोडक्या कपाटात. त्यात सत्तर वर्षांपूर्वी बायका सभासद किती, ते बघ. माझ्या अंदाजाने चार-पाचसुद्धा नसतील. मग विचार, की बायका वाचतच नव्हत्या, की वाचत होत्या आणि दिसत नाहीत? हा झाला प्रश्न. मॅडमना सांग आणि पेपरवेटकडे न बघता सांग.

मुंगीला नावं ठेवू नकोस. ती कष्ट करते एवढाच तिचा गुन्हा.

तुझी,
पहिला नंबर (निवृत्त)

२८ जुलै

प्रिय पहिला नंबर,

तुझा प्रश्न सांगितला. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता बोल." म्हणजे आता मी कामाला लागले असं समजायचं.

त्यांची कामाची एक पद्धत आहे. दोन रंगांच्या जाड चिठ्ठ्या, तळहाताएवढ्या. पांढऱ्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं: पुस्तकातलं, दप्तरातलं, शब्दाला शब्द, आणि वर उजव्या कोपऱ्यात ते कुठून घेतलं त्याचा पत्ता. पिवळ्या चिठ्ठीवर फक्त आपलं, स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. महिन्याच्या शेवटी त्या पिवळ्या चिठ्ठ्या मागतात. मुंगीने चोवीस दिल्या. मी तीन दिल्या, त्यातली एक 'हे पुन्हा बघणे' अशी होती. मॅडमनी त्या नुसत्या मोजल्या. मुंगी मात्र नंतर जवळ येऊन म्हणाली, "तुला चिठ्ठ्या लावायचा माझा खोका दाखवू का?" माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "नको, माझी वेगळी पद्धत आहे" म्हटलं. माझी काय डोंबलाची पद्धत!

एक काम करशील? मला तिकडे येता येणार नाही, इथले तास आहेत. ती रजिस्टरं तू उतरवून देशील? पहिली तीन वर्षं. तारीख, सभासदाचा नंबर, नाव, पुस्तक, परत केल्याची तारीख. तुझं अक्षर आणि तुझी नजर, दोन्हींवर माझा डोळे मिटून विश्वास आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला माझा पहिला सेमिनार आहे, त्यात मुंगीचाही पेपर आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी,
दुसरा नंबर

१९ ऑगस्ट

प्रिय दुसरा नंबर,

सोबत एकशे बारा पानं आहेत. हात मोडला. पण वर्षभरात इतकी मजा आली नव्हती.

रोज दुपारी छोटीला सासूबाईंजवळ निजवून जाते. ग्रंथपालांनी माडीची किल्ली दिली, एक फडकं दिलं आणि म्हणाले, "साहेबांचं वाचन कसं चाललंय?" साहेब म्हणजे तुझा दादा. तुला माहीत नसेल, माझ्या नावावर कार्ड नाही. लग्न झाल्यावर तुझ्या दादाच्याच कार्डावर पुस्तकं आणायला लागले. एका घरात दोन कार्डं कशाला, असं सासूबाई म्हणाल्या. आता गावात त्याचा लौकिक झालाय, की मोटारी दुरुस्त करणारा माणूस महिन्याला नऊ कादंबऱ्या वाचतो. परवा ग्रंथपालांनी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं, "पुढचा भाग आलाय, घेऊन जा." हा पंपाचा सुटा भाग समजून दुकानात जाऊन खोक्यात शोधत बसला.

तर आता नीट वाच. तीन वर्षांत बायका सभासद फक्त दोन. पण सभासद क्रमांक एक्केचाळीस बघ. वकील आहे. दर रविवारी तो कायद्याचं नाहीतर इतिहासाचं पुस्तक नेतो, मोठी लफ्फेदार सही करतो. आणि त्याच नंबरावर दर बुधवारी एक कादंबरी जाते. तिथल्या सहीत नाव तेच, पण अक्षर बारीक, गोल आणि जपून काढलेलं. बुधवारच का? मी अडीच दिवस डोकं खाजवलं आणि मग माझ्या पिशवीकडे बघितलं. बुधवार आठवडी बाजाराचा. लायब्ररी बाजाराच्या वाटेवर. मी स्वतः पुस्तक बुधवारीच नेते, भाजीखाली घालून! बाईमाणसाला एकटीने, पिशवी घेऊन, कुणी न विचारता बाहेर पडायचा तोच एक दिवस होता. रजिस्टर सांगतं, पुस्तक कुणाच्या नावावर गेलं. ते कुणाच्या हातात गेलं, हे बुधवार सांगतो.

असे मला चौदा नंबर सापडले. घड्याळजी, शिंपी, पोस्टमास्तर, दोन मास्तर. एक्केचाळीसच्या बुधवारच्या कादंबऱ्या या तीन वर्षांत दोनदा अडीच-अडीच महिने थांबतात. मग परत सुरू होतात, आधी पातळ पुस्तकं, मग जाड. ते अडीच महिने कशाचे, ते मी तुला सांगायला नको. पातळ पुस्तकं एका हातात धरता येतात. दुसऱ्या हातात मूल असतं.

ती वकिलाची बायको मला रोज भेटते असं वाटतं. तिचं नाव मात्र कुठेच नाही.

तुझी,
पहिला नंबर

६ सप्टेंबर

प्रिय पहिला नंबर,

पानं मिळाली, उपकार कसे फेडू! सेमिनार झाला. फार छान झाला. मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं, "याला म्हणतात कागद वाचणं." मुंगीच्या पेपराला त्या नुसतं "व्यवस्थित" म्हणाल्या. मुंगीचा चेहरा तू बघायला हवा होतास. नाही, बघायला नको होतास, तू मला रागावली असतीस. पण मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे उभी राहिले, तेवढं सुख मला घेऊ दे.

विभागाने पेपराच्या प्रती काढल्या आहेत. एक दादासाठी आणि आईसाठी पाठवते. आईला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा तू वाचून दाखव ना. पुढच्या दोन वर्षांची रजिस्टरंही उतरवून पाठवशील का? ऑक्टोबरात मॅडमना सगळं एकत्र दाखवायचंय.

तुझी आनंदात असलेली,
दुसरा नंबर

२४ सप्टेंबर

प्रिय नणंदबाई,

पेपर मिळाला. काल दुपारी आईंना वाचून दाखवला. पान चारवरचा परिच्छेद त्यांना फार आवडला, तो बुधवारचा. दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती खोल विचार करते ना माझी पोर! नाहीतर आपण. रोज बाजारात जातो, पण सुचलं का कधी?" मी म्हटलं, "नाही सुचलं."

तुझ्या दादाने प्रत दुकानात नेऊन गिऱ्हाइकांना दाखवली. त्याच्यावर ग्रीसचा डाग पडलाय.

सोबत पुढच्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत. छोटीला ताप होता, तरी वेळेत संपवल्या.

तुझी,
वहिनी

१८ ऑक्टोबर

प्रिय पहिला नंबर,

छोटी बरी आहे ना? मागच्या पत्रात तू किती थोडकं लिहिलंस. ताप म्हटला की घर डोक्यावर येतं, मला कळतं.

इथे माझं फार वाईट झालं. तू पाठवलेली नवी पानं मी मॅडमसमोर मांडली, आणि बुधवार कोसळला. त्या दोन वर्षांत एक्केचाळीस नंबरच्या कादंबऱ्या कधी शनिवारी जातात, कधी रविवारी. घड्याळजीच्याही तशाच. सगळी मांडणीच मोडली. आणि मुंगीने फक्त एक प्रश्न विचारला, हळू आवाजात, "तू मूळ रजिस्टर पाहिलंस का?" मी म्हटलं, "माझ्या वहिनीने पाहिलंय." मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलेलं, न वाचलेलं समजायचं. पहिल्या महिन्यात शिकवते मी हे."

मुंगीवर इतका राग आला! तिला हेच हवं होतं. पण बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडले. घाईत तुझ्याकडून काही तारखा चुकल्या असतील का गं? तापाची पोर घेऊन बसलीस, चुकणारच. मी महिन्याच्या शेवटी चार दिवस येते आणि स्वतः बघते.

तुझी,
दुसरा नंबर

९ नोव्हेंबर

वहिनी,

घरी होते तेव्हा बोलले नाही, कारण आई होती, आणि निघताना तू डबा करून दिलास, त्यामुळे तर तोंडच उघडेना. आता लिहिते.

मी तीन दिवस माडीवर बसले. तुझी पानं डावीकडे, रजिस्टर उजवीकडे, पेन्सिलीने टिंब करत. एकतीस नोंदी चुकल्यात. सगळ्या बुधवारच्या. दुसरी एकही नाही! रविवारची लफ्फेदार सही असलेली प्रत्येक तारीख बरोबर. घाईत चुकणारी बाई निवडून बुधवारच चुकत नाही. आणि तुझ्या हातून चार वर्षांत एक सनावळी चुकली नव्हती.

तू हे मुद्दाम केलंस. मी तुला बहिणीसारखी मानत आले. सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली, मुंगीपुढे गेली. का केलंस, एवढंच सांग. मला हेवा वाटतो असं तू जुलैत लिहिलं होतंस, ते वाचून मी हसले होते. मला वाटलं, इतकं सरळ लिहिणारी माणसं पाठीत सुरी मारत नाहीत.

१५ नोव्हेंबर

दुसरा नंबर,

केलं. मुद्दाम केलं. एकतीस नाही, बत्तीस. एक तुला सापडली नाही. शिंप्याची, मार्चातली.

कसं केलं तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की माझा पेन घसरला. छोटी खरंच तापली होती. तिच्या उशाशी बसून खरी पानं उतरवली, सगळी बरोबर. मग ती बाजूला ठेवली आणि दुसरी लिहिली. मधूनमधून निवडलेला एकेक बुधवार तीन किंवा चार दिवस पुढे ढकलला. पहिला ढकलायच्या आधी तीनदा पेन खाली ठेवला. दहाव्याला गंमत वाटली. विसाव्याला रडू आलं, तरी थांबले नाही.

आता का ते. तू विचारतेस हेच मला नवल वाटतं. पान चार उघड. "रजिस्टर सांगतं, पुस्तक कुणाच्या नावावर गेलं. ते कुणाच्या हातात गेलं, हे बुधवार सांगतो." हे वाक्य कुणाचं आहे? तुझ्या पेपरात बावीस तळटिपा आहेत. कारकुनाचेसुद्धा आभार मानलेस. जो तुला भाजीचं दुकान म्हणाला, त्याचे! मी शोधलं, पुन्हा शोधलं, आईंना वाचून दाखवताना मधेच थांबून शोधलं. मी कुठेच नव्हते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते मी आजवर फक्त ऐकलं होतं.

तुला कळतंय का काय झालं ते? मी वाचते ती पुस्तकं तुझ्या दादाच्या नावावर लागतात. आता मी विचार करते तो तुझ्या नावावर लागला. वकिलाच्या बायकोचं वाचन सत्तर वर्षांनी का होईना, कुणाच्या तरी लक्षात आलं. आणि जिच्या लक्षात आलं, तिला तू त्याच रजिस्टरात परत घातलंस.

मी वाईट केलं. त्या बायकांचे बुधवार ढकलले, त्याचं मला तुझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त वाईट वाटतं. खरी पानं सोबत आहेत. शिंप्याची नोंद बघून घे.

आईंना यातलं काही लिहू नकोस.

वहिनी

३ जानेवारी

प्रिय पहिला नंबर,

दीड महिना लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने. लाज जास्त दिवस पुरली.

तुझं पत्र वाचून मी चिठ्ठ्यांचा खोका उपडा केला. मला खात्री होती की तुझं वाक्य मी पांढऱ्यावर घेतलं असणार आणि लिहिताना कोपऱ्यातला पत्ता राहून गेला असणार. बुधवारची चिठ्ठी सापडली. पिवळी होती. कोपरा कोरा. शब्द न् शब्द तुझा, अक्षर माझं. आणि मला ते आठवतही नव्हतं! तुझं पत्र पलंगावर पडून वाचलं होतं, शेंगा खात, जसं घरचं पत्र वाचतात तसं. पुस्तकातलं म्हणजे दुसऱ्याचं, दप्तरातलं म्हणजे दुसऱ्याचं; आणि वहिनीने लिहिलेलं ते काय, आपल्याच घरातलं. डब्यातली साखर घ्यावी तसं घेतलं. एकूण नऊ पिवळ्या चिठ्ठ्या अशा निघाल्या. पहिला प्रश्नही तुझाच होता, तो दहावा.

तुला वाटेल एवढंच आहे. नाही. दुसरं जास्त वाईट आहे आणि ते मी विसरले नव्हते.

प्रवेशाच्या मुलाखतीत मॅडमनी माझी गुणपत्रिका बघून विचारलं होतं, "तुमच्या वर्षाची पहिली आलेली मुलगी कुठे आहे? तिचा अर्ज का नाही? एक जागा अजून आहे." मी म्हटलं, "तिचं लग्न झालं. तिला आता यात रस नाही." माझ्या तोंडून इतक्या पटकन निघालं, की जणू मी ते घरून पाठ करून आले होते. तू आलीस तर मी पुन्हा दुसरीच राहणार, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आठ दिवसांनी ती जागा मुंगीला मिळाली. म्हणजे मी जिच्यावर सहा महिने जळतेय, तिला तुझ्या खुर्चीत मीच बसवलं. हसायचं असेल तर हस.

परवा मॅडमना सगळं सांगितलं. चिठ्ठ्याही दाखवल्या. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "पेपर मागे घे. बरोबर करून पुन्हा वाच. आणि तिला लिही." मुंगी तिथेच होती. ती म्हणाली, "तुझी वहिनी अडीच दिवस नुसती बुधवारवर विचार करत बसली? मला भेटायचंय तिला." मी तिचा खोका लावायची पद्धत शिकून घेतली. चांगली आहे, मेली.

नवा पेपर तयार आहे. पहिलीच तळटीप अशी: 'रजिस्टरातील बुधवारच्या नोंदींचा अर्थ प्रथम लक्षात आला तो ______ यांच्या. खासगी पत्र, १६ ऑगस्ट.' जागा मोकळी सोडलीय. नाव कोणतं लिहू, माहेरचं की आमच्याकडचं, ते तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

मॅडमनी निरोप दिलाय. जुलैत दोन जागा आहेत. अर्जाची मुदत एप्रिलअखेर. फॉर्म सोबत पाठवते. तो जुना पांघरुणाखालचा आता चालत नाही.

तू आलीस तर मला हेवा वाटेल. आधीच सांगून ठेवते.

तुझी,
दुसरा नंबर

१४ जानेवारी

प्रिय दुसरा नंबर,

पत्र १६ ऑगस्टचं नाही, १९ ऑगस्टचं आहे. समोर ठेवून लिहायचं सोडून आठवणीने लिहिलंस ना? आणि म्हणे मूळ कागद बघायला शिकले.

मुलाखतीचं वाचून मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तुझ्या नावाने इतकं बोलले की शेगडीवरचं दूध उतू गेलं. दोन दिवस उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग आठवलं, की तू आजारी पडलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. एकाच माळेचे मणी आहोत. तरी तुझा मणी जरा जास्त काळा आहे, हे मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे.

फॉर्म भरते आहे. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली भाजी निवडून संपवली, मग म्हणाल्या, "तो बुधवारचा परिच्छेद तुझा होता ना? दुसऱ्यांदा वाचताना तुझा आवाज बसला होता." म्हणजे त्यांना सप्टेंबरपासून माहीत होतं, आणि त्या तुझी आई असल्यामुळे गप्प बसल्या. छोटीचं काय करायचं, ते मात्र त्यांनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं.

मागच्या बुधवारी लायब्ररीत गेले आणि म्हटलं, कार्ड काढायचंय. ग्रंथपालांनी विचारलं, "कुणासाठी?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पण साहेब तर वाचतात की." घरी येऊन तुझ्या दादाला सांगितलं, तर तो खरोखर उदास झाला. "म्हणजे आता मी वाचत नाही असं होणार?" गावातला मान गेला बिचाऱ्याचा. शेवटी त्याने स्वतःच्या कार्डावर एक पुस्तक आणलंय. चार दिवसांत सहा पानं झाली आहेत.

मी रजिस्टरात सही केली. बारीक, गोल आली. मोठी करायला गेले होते, पण हाताला सवय नाही. होईल.

तळटिपेत गुणपत्रिकेवर आहे ते नाव लिही. पूर्ण.

हेवा संपलाय असं समजू नकोस. तू आज तिथे बसली आहेस आणि मी इथे दूध पुसते आहे, तोवर तो संपायचा नाही. मुंगीचाही वाटतो. तिला सांग, येते आहे.

आणि एक काम कर. तुमच्या तिथल्या दुकानातून चिठ्ठ्या पाठव. पांढऱ्या पन्नास पुरेत. पिवळ्या दोनशे.

तुझी,
पहिला नंबर